नव्वद दिवस

खरेदी विभागाच्या खिडकीतून
समुद्रातले सालमन माशांचे पिंजरे दिसतात,
आणि पलीकडच्या टेकडीवर
एदेल्मिरा नाउएल्किनचं शेत.

चिलोए बेटावर
कुणालाही विचारा, छाती ठोकून सांगेल,
बटाटा इथलाच.
तरी अकरा वर्षं आमच्या खानावळीत
बटाटे यायचे उत्तरेकडून,
ट्रकने, मग बोटीने,
धुतलेले, सगळे एका उंचीचे,
शाळेच्या फोटोत उभे केल्यासारखे.
मागवायचो मीच. सही माझी.

यंदा वरून पत्र आलं : स्थानिकांना प्राधान्य द्या.
मी टेकडी चढलो, अकरा पानांचा अर्ज घेऊन.

गोदामाची क्षमता?
तिने लिहिलं, पलंगाखाली चार पोती, चुलीमागे दोन.
आणीबाणीत पर्यायी व्यवस्था?
बहीण.
संगणकाने बहीण स्वीकारली नाही.

नमुने आले. जांभळे, काळे, बोटांसारखे वाकडे,
एक तर थेट डुकराच्या कानासारखा.
तपासनीस म्हणाला, हे सोलायचे कसे?
आचारीण फ्रेसिया म्हणाली, सोलायचे कशाला?

मग मी शेवटचं पान उलटलं.
पैसे नव्वद दिवसांनी.
तिने बोटांवर मोजलं, नखांत माती.
'नव्वद दिवसांत लावलेला बटाटा हाताशी येतो.
तुमचा पैसा कुठल्या जमिनीत लावता,
इतका वेळ लागतो तो?'

उधारीचं पोतं सव्वा हात रितं.
भरलेली सहा पोती
ती गाडीत घालून परत घेऊन गेली.
तो डुकराचा कान तेवढा टेबलावर राहिला.
मी तो खणात टाकला.
एकेचाळिसाव्या दिवशी खण उघडला
तर त्याला कोंब.

हिशेबखात्यातल्या आल्दुनातेसाहेबांना भेटलो.
'एकाला सूट दिली की सगळे मागतील.'
मागू देत की, मी म्हणालो,
पण लिफ्टमध्ये, खाली येताना, एकटाच.

शेवटी चोरवाट सापडली.
फुलदाण्या, पडदे यांची बिलं सात दिवसांत निघतात.
तेव्हापासून आमच्या कागदोपत्री
बटाटे म्हणजे कार्यालयीन सजावट.
सहाशे माणसं दर गुरुवारी
सजावटीचं जांभळं सूप पितात.

वार्षिक अहवालात, पान चौदावर, एदेल्मिराचा फोटो आहे.
खाली 'मातीशी आमचं नातं'.
फोटो काढला तेव्हा
तिला आम्ही एक पेसोही दिलेला नव्हता.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
इथे लिहितो आहे.

परवा पोतं काट्यावर चढवलं,
साडेएक्कावन्न किलो.
मी एक्कावन्न लिहायला लागलो,
तिने हात धरला.
'पन्नासच लिहा. वरची माती आहे.
ती मला परत पाठवा.'

माझ्या टेबलाखाली आता एक खोकं असतं.
रविवारी टेकडीवर नेतो.