एक बोट बाहेर

जुन्नरहून सुटलेली सातची एसटी
फाट्यावर मला उतरवून निघून गेली.
पुढे पाथरदऱ्यापर्यंत पायीच.
गाडीरस्ता वेशीपाशी संपतो,
आणि वेस म्हणजे दोन बुरूज, मधे एक शेळी.

यल्लाप्पा धोत्रे वाट बघत उभे.
पायात टायरच्या चपला, सदऱ्याच्या खिशात जुनी टाकी.
"काम सुटलं, पण खिसा हलका झाला की
चालताना तोल जातो," म्हणाले.
मी म्हटलं, मी पुण्याची, पाषाणला राहते.
"मग तिथं दगडाची घरं किती?"
मी नवव्या मजल्यावरून दिसतं ते सगळं आठवलं.
"नाव आहे," म्हटलं. ते हसले नाहीत.

गल्ली इतकी अरुंद की वही छातीशी धरावी लागते.
दोन्हीकडे काळा दगड,
बैलांनी येता-जाता अंग घासून
कमरेएवढ्या उंचीवर तुळतुळीत केलेला.
हे घर चुन्यातलं. हे मातीतलं.
हे कशातच नाही, नुसतं एकमेकांच्या वजनावर.
लग्नघरात सोयऱ्यांची ओळख करून द्यावी तसे सांगत जातात:
हा थोरला, हा त्याच्या पाठचा,
या दोघांची भिंत एक, पण बोलणं नाही.

एका दाराला कुलूप, कुलपाला
पावसासाठी बांधलेली दुधाची पिशवी.
एका ओसरीत छतापर्यंत कांदा.
एका भिंतीला गुलाबी ऑइलपेंट, मुलीच्या साखरपुड्याचा;
मुलीला आता दोन मुलं, रंग अजून पुसायला तयार नाही.
आणि एकाने दर्जांमध्ये सिमेंट भरलंय.
यल्लाप्पा तिथे तळवा टेकवतात,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"पाणी कोंडलंय आत. दगडाला घाम सुटलाय.
श्वास त्यालाही लागतो, ताई. कमी लागतो,
पण लागतो."

मी टेप लावते. दोन फूट सात इंच.
दोन फूट नऊ.
उंबऱ्यावरून सोजरबाई विचारतात, "विकलं का गाव?"
नाही हो, नुसतं मोजतेय.
"मोजणीवाले पुढं असतात,
जेसीबी मागून येतो," म्हणून त्या लसूण सोलत राहतात.
माझ्या हातातला टेप सर्रकन आत जातो.

मग शेवटच्या आळीतलं कोपऱ्याचं घर.
सगळे चिरे ओळंब्यात, सुतात,
फक्त खालून चौथ्या थरातला एक
बोटभर बाहेर.
"हा आमच्या बापाचा. पहिला. तेव्हा बारा वर्षांचा.
मुकादमानं कानाखाली दिली, काढ म्हणाला;
घरमालक म्हणाला, असू दे, पोराचा हात आहे."
तेव्हापासून आळीतल्या प्रत्येक पोराने
त्याच्यावरच पाय देऊन भिंत चढलीय:
चिंचांसाठी, चेंडूसाठी, बापाच्या मारातून सुटण्यासाठी.
गावातला सगळ्यात गुळगुळीत दगड तोच.
मधोमध थोडा खोलगट, टाच बसेल एवढा.

मीही पाय ठेवला. बसला.

"आणि तुमचं घर?"
त्यांनी वेशीबाहेर ओढ्याकडे बोट केलं.
पत्रा. उन्हात डोळ्यांवर येणारा.
वाऱ्याने उडू नये म्हणून वर ठेवलेले
सहा-सात दगड,
तेही, बघते तर, नीट घडलेले,
चारी कडा सरळ.

परतीच्या गाडीत वही उघडली.
भिंतीची जाडी, दारांची संख्या, कोनाडे, आड,
सगळे आकडे जागच्या जागी.
त्या घराच्या रकान्यात काय लिहावं ते
नारायणगाव गेलं, मंचर गेलं, सुचेना.
चाकणच्या गर्दीत गाडी अडली तेव्हा
पेन्सिलीने लिहिलं, एक बोट बाहेर,
आणि परिमाणाच्या जागी इंच न लिहिता
तसंच सोडून दिलं.