कानखूण

आल्ताच्या एका तळघरात मी वीस दारं राखते.
लाकडाची नव्हेत. वीस जोडण्या,
आणि एकविसावी माझी, अडीअडचणीला ठेवलेली,
घराची किल्ली शेजारणीकडे असावी तशी.

भिंतीला भोक एकच. भोकाशी यादी.
कौतोकेइनोचं कार्यालय, कारास्योकचा पशुवैद्य,
पठारावरच्या सात झोपड्या, ज्यांचे पत्ते
उपग्रहाच्या मर्जीने बदलतात
आणि दर वेळी फोन येतो: रिस्तेन, आत घे की गं.
यादीत नाही तो बाहेर, मग कुणी का असेना.
माझा सख्खा भाऊ महिनाभर बाहेर होता,
पत्त्यातला शेवटचा आकडा त्याने चुकीचा सांगितलेला.

आत काय आहे म्हणाल, तर कान.
रेनडिअरचे, डावा आणि उजवा,
टोकाशी खाच, मागून तिरपा छेद,
घराण्यागणिक वेगळी रीत,
सुरीने लिहिलेली हजारो नावं.
वाडग्यात गरगर पळणारं पाडस बघून
आई लांबूनच सांगायची, हे कुणाचं.
मला ते जमत नाही.
मी सर्व्हरला विचारते.

परवा, कळप वेगळे करायच्या आठवड्यात,
तीनला अंधार पडला, साडेतीनला सगळंच थांबलं.
वीसच्या वीस भरलेल्या.
फोन एकामागून एक. पशुवैद्य तर शिव्यांवर आलेला.
मी माझ्या दाराने आत शिरले, बघितलं:
एकोणीस जण एकाच्या मागे ताटकळत.
तो एक सहाव्या झोपडीतला.
व्यवहार सुरू केलेला, पुरा नाही, रद्द नाही,
चार तास अकरा मिनिटं
एका ओळीवर हात ठेवून बसलेला.

असल्याला एका आज्ञेत तोडता येतं.
आज्ञा मी लिहिलीही, अर्धविरामासकट.
मग फोन लावला.

माहत्ते, पडद्यावर काय दिसतंय तुला?
"क्लेमेतची खूण. पुतणीच्या नावावर करायचीय.
नाव लिहून झालंय.
खाली विचारतंय, नक्की का."
चार तास झाले, माहत्ते.
"मधे कॉफी केली. कुत्र्याला घातलं."

क्लेमेत मार्चमध्ये गेला. वादळात नाही,
बर्फ फुटून नाही. इथे आल्ताच्या इस्पितळात,
मूत्रपिंडाने. खिडकीतून वाहनतळ दिसायचा.

"सुरी धरली की कुणी विचारत नाही,
नक्की का म्हणून," तो म्हणाला.

मी सांगितलं, एकोणीस माणसं खोळंबलीत.
सांगितलं, मी तोडलं तर लिहिलेलं पुसलं जाईल,
खूण क्लेमेतच्याच नावावर राहील.
बोलून गेल्यावर कळलं,
त्याला कदाचित हेच हवं असेल.

पलीकडे स्टोव्हचं झाकण वाजलं. कुत्रं.
बराच वेळ नुसता श्वास.
मग माझ्या पडद्यावरून ती नोंद गेली
आणि एकोणीस जण फाटक उघडल्यासारखे सुटले,
पशुवैद्य सर्वांत पुढे.

हो म्हणाला की नाही, बघता आलं असतं.
एक ओळीचा प्रश्न.
मी यंत्राचा पंखा साफ करायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मर्यादा घातली:
रिकामं बसलेल्याला पंधरा मिनिटं, मग जोडणी तुटणार.
सगळ्यांना. सहाव्या झोपडीलाही.
त्याचा फोन आला. "पंधरा?"
पंधरा.
"कान कापायला दोन पुरतात," म्हणाला,
आणि डिझेलच्या भावाबद्दल बोलत राहिला.

आठवड्याने नवा अर्ज आला, आठवी झोपडी.
नाव बिग्गा, वय एकोणीस, आवाज सर्दीने बसलेला.
मी पत्ता विचारला.
तिने एकेक आकडा दोनदा वाचला.
शेवटचा तीनदा.