डावा कोपरा

केमी. बाहेर उणे एकवीस.
क्लबच्या ऑफिसात मी आणि हीटर,
दोघंही कुरकुरत.

गोलचा व्हिडिओ: लोक थांबले सरासरी चार सेकंद.
मारामारीचा: नऊ.
आणि हा एक, चुकून चढवलेला,
मध्यंतरात बर्फ सारवणारं यंत्र
संथ फेऱ्या घालतंय, बस्स.
रोज पहाटे साडेचारला कुणीतरी
तो शेवटपर्यंत बघतं.
वय पासष्टच्या पुढे. शहर ओउलू.
आलेखावर एकच रेघ,
माळावरच्या खांबासारखी.

पासी हरखला: "याला म्हणतात निष्ठा!
टायरवाल्यांची जाहिरात चिकटव तिथे."

शुक्रवारी फोन वाजला.
"ताउनो बोलतोय. सत्तावीस वर्षं
ते धूड मी चालवलं. आता गुडघे गेले,
लेकीकडे असतो, झोप लागत नाही.
त्या नव्या पोराला सांगा,
वळताना घाई करतो.
डावा कोपरा सुटतोय."

मी खाली गेले. दिवे अर्धे विझलेले.
हातमोजा काढून कोपऱ्यात बोटं फिरवली.
खरखर. नखाएवढीच,
पण होती.

महिन्याच्या अहवालात रकाना असतो:
प्रेक्षकांना काय हवंय?
मी लिहिलं, डावा कोपरा.
पासीला वाटलं, टायपिंगची चूक.