बर्फाच्या रस्त्याचे नियम

काऊपो, रविवारी तू फोन आपटलास
त्यानंतर मी चुलीपाशी नुसती उभी होते
बटाटे उकळून फुटेपर्यंत.
बाबांनी विचारलं, कुणाचा होता?
म्हटलं, राँग नंबर.
हे खोटं तुझ्यासाठी होतं, त्यांच्यासाठी नाही.

ते दिवसातून आठदा विचारतात, लेइदा कुठंय?
आणि तू तालिनहून येतोस, सरळ सांगतोस:
आई गेली, बाबा. अकरा वर्षं झाली.
तुला वाटतं, खऱ्याची बाजू म्हणजेच बाबांची बाजू.
मग तू संध्याकाळची फेरीबोट पकडतोस
आणि मी बघत बसते,
एक माणूस एकाच बाईला
आठवड्यात तिसऱ्यांदा पुरतोय.

मी सांगते, दुकानात गेलीय.
तेही काही फार शहाणपणाचं नाही.
ते कोट चढवून फाटकाशी जाऊन थांबतात,
तिच्या हातातली जड पिशवी घ्यायला.
मंगळवारी उणे अकरा होतं.
आत चला म्हटलं, चारदा म्हटलं, पाचव्यांदा किंचाळले.
तुला फोनवर सांगितलं नाही ते आता सांगते:
मी दंड धरून ओढलं त्यांना.
रात्री सदरा बदलताना दिसली
चार बोटं, निळी.
त्यांनी विचारलं, हे कुणी केलं?
मी तेल लावत राहिले.

तुझं नाव ते विसरलेत, माझं अधूनमधून.
पण समुद्र गोठला की बेटावरून जाणारा तो रस्ता,
ज्याची जाडी त्यांनी एकोणतीस हिवाळे मोजली,
त्याचा एकही नियम सुटलेला नाही.
पट्टा बांधायचा नाही, दार पटकन उघडलं पाहिजे.
मध्येच थांबायचं नाही.
दोन गाड्यांत अंतर.
आणि मधला वेग कधीच नाही:
एकतर सावकाश, नाहीतर एकदम जोरात,
मधल्या वेगाने खालचं पाणी हिंदकळतं
आणि तीच लाट पुढे जाऊन बर्फ फोडते.

मग गुरुवारी तू न कळवता आलास.
आपण बसण्याआधीच सुरू झालो.
जंगलाचा तुकडा विकून आलेले पैसे,
कार्दलाचं ते केंद्र,
कोण किती रात्री जागलं,
आईच्या शेवटच्या महिन्यात कोण कुठे होतं.
बाबा मध्ये बसून सूप पीत होते.
चमचा खाली ठेवून म्हणाले,
अंतर ठेवा.
कुणाला म्हणाले, मला अजून माहीत नाही.
पण तू गप्प झालास, आणि मीही.

मग त्यांनी विचारलंच, लेइदा कुठंय?
तू तोंड उघडलंस.
मी कप इतका घट्ट धरला की कान निखळेल त्याचा.
तू म्हणालास,
बाबा, आई आत्ता इथे असती
तर काय करत असती?

ते हसले, काऊपो. किती दिवसांनी.
म्हणाले, माझ्यावर ओरडत असती,
ओल्या बुटांनी आत आलो म्हणून.
आणि वाकून, स्वतःच्या हातांनी,
ज्या बुटांसाठी मी रोज झगडते
ते काढून दाराशी नीट ठेवले. जोडीने.

मला तुझा हेवा वाटला, खरं सांगू.
सहा वर्षं मी इथे आहे
आणि हा प्रश्न तुला सुचला.

मिटलेलं काही नाही.
केंद्राचा अर्ज पावाच्या डब्याखाली तसाच आहे,
तुझी सही आहे, माझी नाही.
एवढंच ठरलं की शुक्रवार-शनिवारच्या रात्री तुझ्या,
आणि भांडायचं तर बाहेर, लाकडांच्या शेडपाशी,
कोट घालून, त्यांना ऐकू जाणार नाही असं.
थंडीत माणूस फार लांबवत नाही.

आज सकाळी ते गिरमिट घेऊन अंगणात गेले.
समुद्र तर यंदा धड गोठलाच नाही.
बर्फात भोक पाडलं, पट्टी घातली,
कुणीतरी लिहून घेईल म्हणून वळून पाहिलं.
बावीस, ते म्हणाले.
तू खिशातून बोटीचं तिकीट काढलंस,
मागच्या बाजूला लिहिलंस, बावीस.
मी म्हटलं, तारीखही टाक.