पोच

चिंचोळीच्या गोदामात जागा आहे म्हणाले.
खोकी मोजायची, चिकटपट्टी मारायची,
पगार तोच. निदान आकडा तोच.
म्हमाणे साहेबांनी पत्र पुढे सरकवलं
आणि पेनाचं टोपणही काढून ठेवलं,
पाहुण्याला शेंगा सोलून द्याव्यात तसं.

बावीस वर्षं सात महिने
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मी चादरींची कार्डं पंच केली.
चौकटीच्या कागदावरचं एकेक घर वाचायचं,
भोक असेल तिथे दोरा वर,
कोरं असेल तिथे दोरा खाली राहतो.
मोर, कमळ, एकदा कुणा हॉटेलवाल्याचा आयफेल टॉवर,
सगळे या अंगठ्याखालून गेले.
आता पेन ड्राइव्ह लावला की माग स्वतःच वाचतो.
ठीक आहे. मागाशी माझं भांडण नाही.

पण खोक्याला पट्टी मारणं हे
पत्रात लिहिलंय, ‘तत्सम काम’.
तत्सम.
शाळेत हा शब्द व्याकरणाच्या तासाला भेटायचा,
संस्कृतातून जसाच्या तसा आलेला.
गोदामात कसा पोचला, कोण जाणे.

कँटीनमध्ये गड्डम म्हणाला,
“खुळा हाईस का बे? मिळायलंय तर घे की.
नाही म्हणलास की हिशोबावर पाणी.”
त्याची सही झाली होती.
चहा संपला तरी कप सोडत नव्हता.

रात्री दत्तनगरला, कॉम्रेड शिवशरणांकडे.
त्यांनी पत्र तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून.
“नाही म्हण. पण नुसतं नाही म्हणू नको,
नुसत्या नाहीचा ते राजीनामा करतील.
अंतर लिही. किती पडतं, एकवीस किलोमीटर?
कसब लिही, काय येतं तुला, काय वाया जाईल.
आणि सहीच्या वर हे.”
पुडीच्या कागदावर लिहून दिलं:
माझे सर्व कायदेशीर हक्क अबाधित ठेवून.

घरी आम्ही तेलुगूत बोलतो.
घरात नकाराला एक शब्द पुरतो, वद्दु.
भात वाढताना वद्दु,
शेवटच्या आजारात नायनाचं दवाखान्याला वद्दु,
भांडणानंतर नागमणीचा पाठमोरा वद्दु.
कंपनीला, मराठीत, तो दीड पान झाला.

नागमणीनं विड्यांचं सूप बाजूला सारलं.
वर्षाला पंधरा दिवस, दिवसाला पाचशे चाळीस.
“वर्षं किती?”
त्यांच्या मते बावीस.
“आणि वरचे सात महिने?”
सहाच्या वर गेले की अख्खं वर्ष, कॉम्रेड म्हणाले.
“मग तेवीस लिही.
एक वर्ष काय आहेर करायचाय त्यांना?”
एक लाख शहाऐंशी हजार तीनशे.
आकडा मोठ्यानं म्हटला आणि दोघंही गप्प झालो.
पोरीची फी त्यात मावते.
पुढचं मावत नाही.

सकाळी आवक खिडकीवर
पोरानं पत्र घेतलं, ड्रॉवर उघडला.
पोच द्या, म्हणालो.
“साहेब आल्यावर.”
थांबतो.
“काका, शिक्का सापडंना.”
थांबतो.

अंगणात जुनी कार्डं भंगारात तोलत होते,
माळाच्या माळा, किलोच्या भावानं.
खिशात हात घातला तर शिवणीत
पुठ्ठ्याच्या दोन टिकल्या लागल्या,
कुठल्या तरी मोराच्या डोळ्यातून पडलेल्या.
इतकी वर्षं मी भोकंच मोजली.
कोऱ्या घरांचा हिशोब कधी ठेवला नाही.
ती नसती तर सगळेच दोरे वर आले असते
आणि चादरीवर काहीच दिसलं नसतं.

साडेअकराला शिक्का सापडला.
त्यानं माझ्या प्रतीवर दाबला, फुंकर मारली,
खिडकीतून बाहेर दिली.
तारीख कालची होती.

आजची करा, म्हणालो.