खालून वाजवून पाहायचा

मार्चच्या मध्यावर माझी वही मिटली.
तिच्यात ईस्टरपर्यंतचे अकरा पियानो होते,
संगीतशाळेतले तीन, पाद्रीबुवांचा एक,
आणि दंतवैद्याच्या बैठकीतला तो आडमुठा काळा,
ज्याला दर वसंतात सर्दी होते.
ब्र्नोत लोक उशांचे अभ्रे फाडून मुखपट्ट्या शिवत होते.
माझे हात नुसते मांडीवर.
नादकाटा खणात, लोकरी मोज्यात गुंडाळलेला.

दुकानात यीस्ट नव्हतं. पीठ
माणशी एक पिशवी.
तिसऱ्या मजल्यावरच्या झ्दिस्लावाबाईंनी
अंगणाकडच्या सज्जातून दोरीला टोपली बांधून
खाली सोडली. आत जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी,
बरणीत राखाडी लगदा, वर चिठ्ठी:
"दिवसातून दोनदा जेवू घाल.
विसरलास तर रुसेल. माझ्या सासूच्या हातचं आहे,
सासूसारखंच आहे."

पहिला पाव दाराला अडसर म्हणून लावला.
दुसरा पसरला, ओली टोपी टाकावी तसा.
तिसरा वरून सोनेरी, आत चिखल,
आणि मी, एक्केचाळीस वर्षं तारा पिळणारा माणूस,
कोपरापर्यंत पिठाने माखून उभा.

बाईंनी वरून ओरडून विचारलं, "वाजवून पाहिलास का?"
"काय?"
"पाव! उलटा कर, बुडावर टिचकी मार.
बद्द वाजला तर कच्चा."
मी काहीतरी उत्तर दिलं, त्यांना ते ऐकू गेलं नाही.
हल्ली त्यांना फारसं काहीच ऐकू जात नाही,
म्हणून तर रोज सहा वाजता त्या तो पोल्का वाजवत
आणि मधल्या सप्तकातला एक स्वर
रोज केसभर उतरत जाई,
त्यांना पत्ता नसे.

मला असे. छतातून तो स्वर
दाढेच्या ठणक्यासारखा यायचा.
वर जायचं तर फक्त अठ्ठेचाळीस पायऱ्या;
पण त्या एक्क्याऐंशीच्या, फुप्फुसं अधू,
आणि जिन्यात कायदा उभा.
मी खाली कणीक तिंबत राहायचो.
दुमड, दाब, वळव. दुमड, दाब,
आणि दाबावर नेमका तो उतरलेला स्वर.
हातांनी हळूहळू त्याचाच ठेका धरला.
रागाला काहीतरी काम मिळालं म्हणा.

बरणीला कान लावला तर ऐकू येतं:
बारीक, बुडबुडे फुटण्याचं,
लांबच्या सभागृहात लोक येऊन बसू लागल्याचं.
शहाजिरं, मीठ, राय धान्याचं काळसर पीठ.
मे महिन्यातल्या एका गुरुवारी
सातवा का आठवा पाव मी उलटा केला, टिचकी मारली
आणि तो बोलला.
खणखणीत नव्हे; भरल्या घराचं दार
आतून कुणी वाजवावं तसा.
मग जाळीवर निवताना
त्याचं कवच तडतडत राहिलं बराच वेळ.
मी दिवा न लावता ऐकत बसलो.

अर्धा टोपलीतून वर गेला.
चिठ्ठी आली: "कडा कडक. दात माझेच आहेत,
पण थोडे आहेत."

जूनमध्ये अवजारांची पेटी घेऊन वर गेलो.
खिडक्या सताड उघड्या, बाई सज्जात खुर्ची टाकून.
त्या एका तारेला चार मिनिटं लागली.
त्यांनी वाजवून पाहिलं, भुवया उंचावल्या.
"काय बदललं?"
"काही नाही," मी म्हटलं.

वही पुन्हा भरली आहे. दंतवैद्याचा काळा
अजून आडमुठा.
शनिवारी मात्र सहाला मी कणीक घेतो.
वरून पोल्का येतो, स्वच्छ,
प्रत्येक स्वर आपापल्या जागी.
दुमड, दाब, वळव. दुमड,
आणि दाबावर हात थबकतात,
अंधारात शेवटची पायरी समजून पाऊल टाकावं
आणि पायरीच नसावी, तसे.
पाव होतो ठीक. जरा घट्ट होतो.
बाई म्हणतात, पिठात दोष असेल.