डावा तळवा

नव्या पेठेत जिन्याखालच्या माझ्या टेबलावर
येमूलांचा लॅपटॉप पालथा.
दहा स्क्रू निघाले, अकरावा बसलेला,
त्याला रॉकेलचा थेंब देऊन
चहा पिऊन आलो.

पंख्यात टॉवेलचे धागे, हिरवे, लाल,
एक गुलाबी, अजून न विटलेला.
अक्कलकोट रोडवरचा कारखाना बंद पडला तेव्हा
तीन पगारांच्या बदल्यात हाच दिला म्हणे राजमौळींना.
याच्यावरच त्यांनी मोर काढले होते, चौकटी-चौकटींचे,
अकरा उन्हाळे.

फ्रेम उजवीकडे धड.
डावीकडे मात्र पांढरी भुकटी, फुगलेली,
बोट लावलं की मिठासारखी करकरते.
लोखंड तांबडं सडतं. हे पांढरं.
उजवा हात माऊसवर, म्हणून ती बाजू वाचली;
डावा इथंच टेकलेला,
मे महिन्यात, पत्र्याखाली.

व्हिनेगर नव्हतं. कागदी लिंबू पिळलं,
जुना टूथब्रश, मग हजार नंबरचा पॉलिश पेपर,
दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं.
फेस आला, काळा झाला, पुसला.
खड्डे राहिले. ते भरत नाहीत.
वरून बायकोचं बिनरंगी नेलपॉलिश,
दोन हात.

संध्याकाळी स्वतःच आले.
"एंता?" मग मराठीत, "किती?"
"साडेतीनशे."
"तीनशे घे की."
घेतले.
बटण दाबून बघायला वाकले
आणि टेकवण्याआधी
डावा तळवा
विजारीला पुसला.